मागच्या सीटचं खातं



गेल्या रविवारी मुलाने जेवणाच्या टेबलावर गाड्यांची पाच-सहा माहितीपत्रकं पसरली. आमच्या गाडीला सात वर्षं झाली. मुलगा म्हणाला, "आई, नवीन गाडी बघायला जायचंय. जुन्यात काय खटकतं आणि नवीनमध्ये काय हवं, ते सगळ्यांनी आत्ताच सांगा. नंतर कुरकुर नको." यांनी लगेच मायलेज सांगितलं. सूनबाईने कॅमेरा मागितला, नातीने सनरूफ. मी म्हटलं, मला दोन दिवस दे, मी लिहून देते.

लिहून देते म्हटल्यावर सगळे हसले, कारण मी किराण्याची यादीसुद्धा दोन रकान्यांत करते. बी.कॉम. होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, नोकरी कधी केली नाही, पण जमा-नावे काही सुटलं नाही. दुकानाच्या जुन्या चोपडीची कोरी पानं होती, त्यावरच यादी केली. ती इथे देते, तुमच्याही उपयोगी पडेल. त्यातली एक नोंद लिहायला मला फार जड गेलं. तीही सांगते.

आमची गाडी म्हणजे हल्ली ज्याला क्रॉसओव्हर म्हणतात तशी. दिसायला जीपसारखी उंच, पण आतली बांधणी साध्या मोटारीची. तीन ओळी, सात माणसं. आमचं घर शहापूरला, आणि जुनं दुकान व धाकट्या दिरांचं घर मुरबाडला. सासूबाईंना सगळं घर बा म्हणतं. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या. पंधरा दिवस इथे, पंधरा दिवस तिथे. त्यामुळे किन्हवली, सरळगाव, मुरबाड हा रस्ता आमच्या गाडीला तोंडपाठ आहे. एके काळी आम्ही लग्नाकार्याला दुकानाच्या टेम्पोत सतरंजी टाकून जात होतो. तेव्हा तक्रार करायचं कुणाला सुचलंही नाही. आता दहा-पंधरा लाख मोजायचे तर चार गोष्टी मागायला हरकत नाही.

डाव्या रकान्यावर मी लिहिलं : कंपनीने करायचं.

पहिली नोंद चढण्या-उतरण्याची. उंच गाडी खड्ड्यांत आणि पावसाळ्यात बरी पडते हे मान्य. पण गुडघे दुखणाऱ्या बाईला ती पायरीशिवाय चढता येत नाही. पायरी वेगळी विकत घ्यावी लागते, तिचे पैसे वेगळे. आधाराला हॅण्डल असतं ते छताला, म्हणजे बांचा हात पोचत नाही तिथे. ते दाराच्या खांबाला, छातीच्या उंचीवर का देत नाहीत? खालचा उंबराही इतका रुंद असतो की पावसात उतरताना साडीचा काठ चिखलाने भरलाच म्हणून समजा.

दुसरी नोंद तिसऱ्या ओळीची. तिथे मी बसते, म्हणून अधिकाराने लिहिते. गुडघे हनुवटीला लागतात. उतरायचं तर मधल्या ओळीतल्या माणसाने आधी उतरून सीट दुमडायची. एसीचा वारा मागे येत नाही आणि वैशाखात मुरबाडचा पारा चाळिशी ओलांडतो. आणि तिसरी ओळ उघडली की सामानाला जागाच उरत नाही. सात माणसं बसतात, पण सात माणसांच्या पिशव्या बसत नाहीत. यात्रेला निघालेलं कुटुंब कधी बिनपिशवीचं असतं का?

या आखडलेल्या मागच्या जागेचं एक कारण करांच्या कायद्यात आहे. माझ्यातली कॉमर्सवाली इथे गप्प बसणार नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पापासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाडीला करात सवलत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तरी ही रेघ कायम आहे. लहान गाडीला १८ टक्के, मोठीला ४० टक्के. म्हणून आपल्याकडच्या कित्येक गाड्या चार मीटरला बोटभर कमी अशा थांबतात. इंजिनाला जागा लागते, चालवणाऱ्याला लागते. मग कापतात ती मागच्या माणसाच्या गुडघ्यांपुढची आणि डिकीची. रेघेच्या आतली गाडी घ्यायची असेल तर निदान शोरूममध्ये उभं राहून न बघता मागे दहा मिनिटं बसून बघा.

तिसरी नोंद आपल्या घरांसाठी. चामडं. गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये सीट चामड्याच्या आहेत की रेक्झिनच्या, हे आपण विचारतो. पण स्टिअरिंगवर आणि गिअरच्या दांड्यावर चढवलेलं चामडं आपल्या लक्षात येत नाही, आणि चालवणाऱ्याचा हात दिवसभर त्यावरच असतो. 'लेदरेट' म्हणजे कृत्रिम, ते पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचं असतं. पण विक्रेता सगळ्यालाच 'लेदर' म्हणतो, कारण त्याला वाटतं की त्याने भाव वाढतो. माझं मागणं एवढंच की कोणत्या भागाला काय लावलंय ते माहितीपत्रकात छापावं. तोवर लेखी विचारून घ्या.

चौथी नोंद बटणांची. नव्या गाड्यांत सगळं पडद्यावर गेलंय. एसी कमी करायचा तरी पडद्यावर बोट लावून चित्र शोधायचं. यांचं वय अडुसष्ट, चष्मा दोन नंबरांचा. एसी शोधताना रस्त्यावरची नजर जाते. आपल्याकडे ईर्यासमिती सांगितली आहे, पाऊल टाकण्याआधी पुढची जमीन नीट बघावी. पायी चालणाऱ्याला ती लागू, तर ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला किती लागू असेल! एसीला आणि काच पुसायला गोल बटण हवं. न बघता हाताला लागेल असं.

पाचवी, स्टेपनीची. काही गाड्यांत आता पूर्ण आकाराचं चाक नसतं, बारीक चाक असतं किंवा नुसती हवा भरायची पेटी. माळशेज घाटात रात्री पंक्चर झालं तर पंक्चरवाला कुठून आणायचा? सहावी अगदी लहान. बाटली ठेवायचा खळगा प्लास्टिकच्या बाटलीच्या मापाचा असतो. उकळलेल्या पाण्याची आमची स्टीलची बाटली त्यात मावत नाही, वळणावर पायांत येऊन पडते. एकदा ती गडगडत यांच्या ब्रेकच्या पायाखाली जाता जाता राहिली, म्हणून लहान असली तरी नोंद ठेवली आहे.

सातवी नोंद पट्ट्याची. तिच्यासाठी मला गेल्या पौषात जावं लागेल.

तेव्हा म्हसा गावच्या यात्रेचे दिवस होते. मुरबाड तालुक्यातली ही यात्रा पौष पौर्णिमेला भरते आणि तिथला गुरांचा बाजार मोठा असतो. त्या दिवसांत सगळ्या रस्त्यांवर बैल घेऊन जाणारी माणसं दिसतात. आम्ही दुपारी बांना दिरांकडून आणायला गेलो होतो. गप्पांत उशीर झाला. पुढे मुलगा आणि हे. मधल्या ओळीत एका खिडकीला नात, दुसऱ्या खिडकीला सूनबाई आणि मध्ये बा. समोरचा रस्ता दिसला नाही की बांना मळमळतं, म्हणून त्यांची जागा नेहमी मधली. मी मागे, पिशव्यांत.

माझं एकसारखं चाललं होतं, "जरा उचल रे पाय. सव्वासहाला सूर्यास्त आहे. बांचा चौविहार आहे, घरी जाऊन दोन घास खायला नकोत का?" मुलाने दोन वेळा "हो आई" म्हटलं आणि तिसऱ्या वेळी वेग वाढवला.

सरळगाव मागे पडलं आणि एका वळणावर दावं सुटलेला बैल आडवा आला. मुलाने जोरात ब्रेक दाबला. बैल वाचला, गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. पण बा दोन पुढच्या सीटच्या मधल्या फटीतून गिअरच्या दांड्यावर जाऊन आदळल्या. कपाळाला खोक पडली आणि उजवं मनगट मोडलं. नातीला सूनबाईने धरलं म्हणून ती गुडघ्यावर निभावली. पदराने रक्त पुसत बांनी पहिलं विचारलं ते हे की बैल ठीक आहे ना.

सहा आठवडे प्लास्टर. बांच्या हातातून नवकारवाळी सुटलेली मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितली. डाव्या हाताने मणी ओढायला त्यांना आवडेना. त्या नुसत्या खिडकीशी बसून ओठ हलवायच्या. मी रोज तीन वेळा त्यांना भरवायची, आणि त्या रोज तीन वेळा म्हणायच्या की तुला त्रास झाला.

घरात सगळ्यांचं एकमत झालं : दोष गाडीचा. मधल्या सीटला पट्टाच दिलेला नाही. मुलगा येईल-जाईल त्याला हे सांगायचा. मीही सांगितलं, दहा जणींना तरी.

मग दिवाळीची साफसफाई आली. गाडीची मरून रंगाची कव्हरं मीच पसंत करून शिवून घेतली होती, बांच्या पातळाला डाग पडू नयेत म्हणून. ती धुवायला काढली, तर खाली तीन बकलं. मधलीसुद्धा. त्यावरचं कंपनीचं पातळ प्लास्टिक तसंच होतं. पट्टे सीटच्या फटीत खोचलेले. सात वर्षं आम्ही त्यांच्यावर बसत होतो.

मी तिथेच गाडीत बसून राहिले. हातात कव्हर होतं.

मधला पट्टा कमरेपुरताच होता, हेही खरं. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोचे स्वीडिश अभियंता निल्स बोलिन यांनी तयार केला आणि कंपनीने तो सगळ्यांना वापरायला मोकळा ठेवला. साठ वर्षांनंतरही आपल्याकडच्या अनेक गाड्यांत मधल्या माणसाला नुसता कंबरपट्टाच मिळत राहिला. गाडीतल्या समोर तोंड करून बसणाऱ्या प्रत्येकाला तीन टोकांचा पट्टा सक्तीचा करणार, असं केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केलं. तेव्हा आमची गाडी दारात येऊन काही वर्षं झाली होती. म्हणजे सातवी नोंद डाव्या रकान्यात राहतेच. सातही जागांना तीन टोकांचा पट्टा हवा, बकल सीटमध्ये बुडणारं नसून वर उभं राहणारं हवं, आणि मागच्याने पट्टा लावला नाही तरी पुढच्यासारखा आवाज यायला हवा. १ जुलै २०१९ पासून चालक आणि शेजारच्याच्या पट्ट्याचा आवाज सक्तीचा झाला. मागे बसणारी मात्र बहुतेक म्हातारी माणसं, बायका आणि मुलं.

माहितीपत्रकांवर हल्ली तारे छापलेले असतात. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅप नावाची धडक-चाचणी सुरू झाली आहे. मोठ्यांचे तारे वेगळे, मुलांचे वेगळे. चांगली गोष्ट आहे, तारे बघूनच गाडी घ्या. पण समोरून धडकवण्याच्या चाचणीत मोठ्या माणसांचे पुतळे पुढच्या दोन सीटवर बसवतात आणि मागे लहान मुलांचे. मधल्या सीटवर कुणी चौऱ्याऐंशी वर्षांच्या बा बसवत नाही, आणि तिसऱ्या ओळीत मला. तो विचार आपला आपणच करायचा.

म्हणून मी उजवा रकाना आखला : आपण करायचं. तो डाव्याइतकाच लांब झाला.

त्यात पहिलं, कव्हर. बकलांना भोकं ठेवून शिवायचं, नाहीतर घालायचंच नाही. पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर साधं कव्हर तिलाही अडवतं, हे मला आता कळलं. दुसरं, गाडीच्या तोंडाला लावायचा तो लोखंडी गार्ड. आमच्या गाडीला होता, डौल म्हणून. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना तो काढायला लावा असं कळवलं होतं, कारण धडकेचा जोर तो नको तिथे नेतो आणि एअरबॅगच्या कामात अडथळा येऊ शकतो. मुलाने मागच्या आठवड्यात काढून टाकला. तिसरं, पट्ट्याचा आवाज बंद करायला बाजारात मिळणारी खोटी क्लिप. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना तिची विक्री थांबवायला लावली. आमच्या ड्रॉवरमध्ये दोन निघाल्या. कुणी आणल्या, ते कुणीच कबूल करत नाही.

चौथं, कायदा. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावायचा हा नियम जुना आहे आणि न लावल्यास हजार रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालचं मूल बिनपट्ट्याचं असलं तरी हजार. पण दंड होत नाही म्हणून आपण लावत नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते. मागचे दोघेही गेले, पुढचे दोघे वाचले, आणि मागच्यांनी पट्टा लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. त्या आठवड्यात आमच्या घरीही खूप चर्चा झाली. कव्हर उचलून बघायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

पाचवी नोंद माझ्या नावावर आहे. घाई. चौविहार कशासाठी, तर जीव सांभाळायचा म्हणून. आणि तो सांभाळण्यासाठी मी मुलाला वेग वाढवायला लावला, बैलांच्या रस्त्यावर, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. अर्धा तास आधी निघाले असते तर बाही जेवल्या असत्या आणि बैलही निवांत गेला असता. आता नियम केला आहे. सूर्यास्ताच्या आत पोचायचं नसेल तर मुरबाडलाच जेवून निघायचं. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. आमच्या तालुक्यातून जाणारा रस्ता एकदम सरळ झाला, त्यामुळे वेगाचा मोह आणखी वाढला आहे. तिथे तर पट्टा आणि वेळ दोन्ही पाळा.

दोन्ही रकाने पूर्ण झाले तेव्हा मला संवत्सरी आठवली. दिवाळीच्या आधी दोन महिने मी बांच्या पाया पडून मिच्छामि दुक्कडम् म्हटलं होतं. दरवर्षी म्हणते तसंच, जाणता-अजाणता काही घडलं असेल तर. तेव्हा मला कव्हराखालचं माहीत नव्हतं. पण माहीत झाल्यावरही मी कितीतरी दिवस बोलले नाही. सगळे गाडीलाच दोष देत होते, आणि ते माझ्या सोयीचं होतं. बकल मी पुन्हा वर काढून ठेवलं आणि मुलाला नुसतं म्हटलं, "अरे, सापडलं."

काल दुपारी बांजवळ बसून सगळं सांगितलं. कव्हर मी शिवलं, घाई मी केली. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कव्हराचा रंग मीच सांगितला होता." आणि मनगट चोळत राहिल्या. थंडीत ते अजून दुखतं.

मग मी त्यांना विचारलं, "बा, नवीन गाडीत तुम्हाला काय हवं?" मुलाने सगळ्यांना विचारलं होतं, त्यांना विचारायचं राहून गेलं होतं. त्या म्हणाल्या, "खिडकी खाली असू दे. बाहेरचं दिसलं की मला मळमळत नाही. मग मी मध्ये बसणार नाही." एवढंच. हल्लीच्या गाड्यांच्या काचा दिसायला छान, पण मागे जाता जाता वर चढत जातात. बुटक्या माणसाला नुसतं आकाश दिसतं. माझ्या यादीत ही नोंद नव्हती. ती आठवी म्हणून घातली आहे, आणि शोरूममध्ये बांनाच बसवून बघायचं ठरलं आहे. त्यांना बाहेरचं दिसलं तरच पुढची बोलणी. जुनी गाडी दिल्याशिवाय नवी आणायची नाही हेही ठरलंय, दारात दोन नकोत.

तोवर जुन्याच गाडीत मधली सीट रिकामी ठेवतो. बा डावीकडच्या खिडकीशी, पाठीखाली उशी घेऊन, पट्टा लावून. नात त्यांचं बकल लावते आणि टक् असा आवाज आला की "बा, चला" म्हणते.

मैत्रिणींनो, एक काम सांगते. हे वाचून झालं की आज खाली जा आणि गाडीच्या मागच्या सीटचं कव्हर उचलून बघा. पाच मिनिटं लागतील. कुणाला काय सापडलं ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.